पाखरू वाचवायचं, मग उवांचं काय?

कॅलिफोर्नियाचा काँडोर हा आपल्या गिधाडासारखाच मेलेल्या जनावरांवर जगणारा पक्षी. १९८७ साली रानातला शेवटचा काँडोर पकडला तेव्हा जगात या जातीचे जेमतेम २७ पक्षी उरले होते. ते सगळे पिंजऱ्यात आले आणि त्यांच्या पिसांतल्या उवा औषधाने मारण्यात आल्या. पक्षी सावरला, आज काँडोर पाचशेच्या वर आहेत. फक्त काँडोरच्याच अंगावर राहणारी उवेची एक जात मात्र त्यानंतर कुणालाही सापडलेली नाही. तिचं सुतक कुणी पाळलं नाही.

उवेचा पुळका मलाही नाही. पण पाखरू वाचवताना त्याच्या उवा-जंतांचं काय करायचं, हा प्रश्न जबलपूरच्या दारात उभा आहे. तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ चं. २००९ मध्ये जबलपूरला पशुवैद्यक विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा हे महाविद्यालय त्याचा भाग झालं आणि पुढे विद्यापीठाला नाव मिळालं ते आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीच्या नानाजी देशमुखांचं. वन्यप्राण्यांच्या आरोग्याचं आणि न्यायवैद्यक तपासणीचं वेगळं केंद्र तिथे आहे. कान्हा, बांधवगड, पेंच ही जंगलं जबलपूरहून काही तासांच्या वाटेवर. २०२४ च्या ऑक्टोबरात बांधवगडात १० हत्ती दगावले तेव्हा तपासणीचे नमुने या केंद्राकडेही गेले. वाघ किंवा हत्ती मेला की यंत्रणा हलते. पाखरू मेलं तर ते बहुधा कोल्ह्याच्या पोटात जातं.

खरं तर पाखराची तपासणी त्याला हात न लावताही करता येते. विष्ठा मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात कालवायची; जंतांची अंडी हलकी, ती वर तरंगतात. वर टेकवलेल्या काचेला चिकटली की सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. शेळ्या-कोंबड्यांसाठी हे रोज चालतं. अवघड आहे ते पुढचं: अंडी दिसली, आता काय?

गोठ्यात उत्तर ठरलेलं असतं. जंत दिसला की औषध पाजायचं, कारण जंत म्हणजे घटलेलं दूध आणि बुडालेला पैसा. रानात हा हिशेब लागू पडत नाही. जंत, उवा, गोचीड नसलेला रानपक्षी जवळजवळ नसतोच, आणि पक्षीही गप्प बसत नाही. तो धुळीत लोळतो, पंख पसरून उन्हात बसतो, चोचीने पिसं साफ करतो. मुंग्या पकडून पिसांवर घासणारे पक्षीही आहेत. त्या मुंग्यांच्या मदतीने ते अंगावरचे कीटक घालवत असतील का, हा प्रश्न सलीम अलींनी १९३६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला होता. यजमान आणि बांडगूळ यांची ही कुस्ती लाखो वर्षांची. दोघांनाही एकमेकांचे डाव ठाऊक आहेत.

घात होतो तो अनोळखी परजीवी आल्यावर. रोनाल्ड रॉसने १८९८ मध्ये कलकत्त्यात मलेरियाचं चक्र पूर्ण उलगडलं ते चिमण्यांवर. त्यांच्या रक्तातला तो परजीवी चिमण्यांना सहसा जड जात नाही. तोच हवाई बेटांवर पोचला. १८२६ च्या सुमाराला जहाजांतून डास आले होते, मलेरिया नंतर बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर आला. आणि डास कधी न पाहिलेल्या तिथल्या रानपक्ष्यांच्या कित्येक जाती संपल्या. अमेरिकेतली हीथ हेन ही रानकोंबडी १९३२ नंतर दिसली नाही. वणवा, थंडी, शिकारी पक्षी यांनी तिला आधीच टेकीला आणलं होतं. त्यात पाळीव टर्कींकडून आलेल्या रोगाची भर पडली. त्या रोगाचा जंतू कोंबडीच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यात बसून प्रवास करतो. गावातली कोंबडी आणि रानातला मोर जिथे एकाच उकिरड्यावर टोच मारतात, तिथे हे ध्यानात ठेवायला हवं.

मग सरसकट जंतांचं औषध द्यावं का? फेनबेंडाझोल हे आपल्याकडे गुराढोरांना सर्रास दिलं जाणारं औषध. प्राणिसंग्रहालयातली आफ्रिकन गिधाडं आणि मॅराबू करकोचे याच औषधाने दगावल्याचा संशय २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवला. औषधाने गिधाड मरतं हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. गुरांच्या डायक्लोफेनॅकने भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडायला २००४ उजाडलं, गुरांसाठी बंदी २००६ मध्ये आली. औषध जनावराला काय करतं हे पाहिलं होतं. ते जनावर खाणाऱ्याला काय करतं, हे विचारायचं राहिलं.

पाखरांच्या परजीवींबद्दलचं आपलं अज्ञान मोठं आहे, आणि त्याला जुन्या लबाडीचीही फोडणी आहे. पक्ष्यांच्या उवांचा एक प्रचंड संग्रह रिचर्ड माइनरत्सहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केला. याच गृहस्थाने जेम्स डेव्हिडसन या संग्राहकाने मिळवलेला रानपिंगळ्याचा नमुना संग्रहालयातून लंपास केला आणि आपण तो १९१४ मध्ये मिळवल्याचं लेबल लावलं. ही चोरी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणली, आणि १९९७ मध्ये नंदुरबारच्या शहाद्याजवळ सहकाऱ्यांसह जिवंत रानपिंगळाही शोधून काढला. पक्ष्याचं लेबलच खोटं असेल, तर त्याच्या पिसांतून निघालेल्या उवेचं गाव तरी खरं कसं मानायचं?

माझं मत साधं आहे. पक्षी खंगत असेल, घरट्यात पिल्लं मरत असतील, परजीवी बाहेरून आलेला असेल, तर औषध द्यावंच, आणि ते त्या जातीला चालतं याची खात्री करून. नुसता जंत दिसला म्हणून देऊ नये. संगोपन केंद्रात स्वच्छ धुऊन वाढवलेलं पिल्लू रानात सोडलं की ते या कुस्तीत तालमीविना उतरतं, हेही विसरू नये.

पिंजोरच्या गिधाड संगोपन केंद्रात वाढलेली गिधाडं २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. त्यांच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली, ते ठीकच. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्हीकडच्या वन खात्यांना एवढंच सांगणं आहे: यापुढे गिधाड असो की माळढोक, सोडण्याआधी आणि सोडल्यावर त्याच्या उवा-जंतांची नोंद ठेवा, आणि जबलपूरला जाणाऱ्या नमुन्यांच्या खोक्यात वाघाच्या यकृताशेजारी पाखराच्या विष्ठेच्या बाटलीलाही जागा द्या.