पाया बदलताना

संगणकाची कार्यप्रणाली पुसून नव्याने बसवणे हे तंत्रज्ञाचे काम; त्यात नीतिविचाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. पण दिवाळीआधी ज्याने घरचा माळा उपसला आहे, तो असे विचारणार नाही. काय ठेवावे नि काय टाकावे हा प्रश्न आला, की त्याच्या मागोमाग नीती आलीच.

2025 च्या 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सांभाळ थांबवला आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न पुष्कळ घरांत येऊन उभा राहिला. अशा वेळी माणूस प्रथम छायाचित्रे आणि कागदपत्रे वाचवतो. त्यांची नक्कल दुसरीकडे ठेवली आणि ती उघडून पाहिली, की ती वाचतातही. (उघडून न पाहिलेली नक्कल ही नुसती समजूत!) पण नव्या प्रणालीवर कामाला बसावे, तो हात अडखळतो. देवनागरीची ओळखीची कळमांडणी नाही, आपण शिकवलेले शब्द नाहीत, परवलीचा शब्द आठवत नाही. ऐवज शाबूत आहे आणि काम मात्र ठप्प! रोजचे काम सवयीवर चालते, हे तेव्हा कळते.

म्हणून शहाणा माणूस आधी आठवडाभर हात कुठे कुठे जातो त्याची यादी करतो. लिनक्स वापरणारे पुष्कळजण 'होम' हा विभागच वेगळा ठेवतात. प्रणाली गेली तरी फायली आणि बहुतेक आवडीनिवडी तिथे टिकतात. मात्र त्यांच्यासंगे एखादी जुनी खोडही नव्या घरात येते. सगळे आणावे तर जुनाच पसारा. काहीच न आणावे तर आपण आपल्याच घरी पाहुणे!

अथेन्सच्या लोकांनी थीसियसच्या नौकेच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या. मग ती नौका तीच का, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लुटार्क सांगतो. मला वाटते, या वादाचा निकाल फळ्यांत नाही. नौकेने कोणाला पैलतीरी पोचवायचे कबूल केले होते, ते पाहावे.

नव्याने सुरुवात करण्याची हौस आपल्या सर्वांनाच असते. पाटी पुसताना मात्र तिच्यावर आपल्या देण्याचाही हिशेब असतो. कोणाच्या पत्राचे उत्तर राहिले आहे, कोणाला मजकूर द्यायचा आहे, कोणाचे कागद आपल्या विश्वासावर ठेवलेले आहेत. यादीत ही नावे पहिली हवीत. आपल्या सोयी नंतर.

जुन्यावरच नवी विंडोज चढवली, तर जुनी 'विंडोज.ओल्ड' या अडगळीत पडते आणि साधारण 10 दिवसांनी नाहीशी होते. सोयर असो वा सुतक, आपल्याकडेही दहाच दिवसांचे! तेवढ्या मुदतीत जुन्याची आठवण काढावी, त्याचे देणे उतरवून घ्यावे आणि मग निश्चिंत मनाने नव्या पणतीत तेल घालावे.