न सांगितलेले सत्य : आपद्ग्रस्त आणि विम्याची जाहिरात

विम्याच्या जाहिरातीतली फसवणूक क्वचितच उघड खोटेपणाची असते. तिच्यातले प्रत्येक वाक्य पॉलिसीच्या कागदाशी ताडून पाहिले तर खरे निघते. खोटी असते ती वाचणाऱ्याच्या मनात तयार झालेली समजूत. पूर, भूकंप किंवा वादळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रकार अधिक गंभीर होतो. घरात चिखल, कागदपत्रे भिजलेली, हातात सानुग्रह अनुदानाची थोडी रक्कम आणि पुन्हा हेच झाले तर काय, ही धास्ती. अशा वेळी बुडालेल्या घरांचे चित्र दाखवून संरक्षणाची हमी देणारी जाहिरात त्याला गाठते. इथे नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न उभा राहतो : शब्द खरे असले की सत्य बोलण्याचे कर्तव्य पुरे होते, की ऐकणाऱ्याला खरे कळेपर्यंत ते उरतेच?

हा प्रश्न सिसेरो या रोमन विचारवंताने इसवी सनापूर्वी 44 मध्ये, कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात, एका आपत्तीच्याच उदाहरणाने मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य भरलेले जहाज घेऊन तिथे पोहोचतो. मागून आणखी धान्याची जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते सांगितले तर भाव पडेल. गप्प राहिला तर मागेल तो भाव मिळेल. बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांची मते इथे समोरासमोर येतात. डायोजिनीसच्या मते कायद्याने सांगायला लावलेले दोष विक्रेत्याने सांगावेत, खोटे बोलू नये, एवढे पुरे. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटरच्या मते माणसामाणसांत मुळातच एक नाते आहे, त्यामुळे खरेदीदाराच्या हिताची जी गोष्ट विक्रेत्याला ठाऊक आहे ती त्याने सांगितलीच पाहिजे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. त्याची कसोटी नेमकी आहे : प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे, परंतु समोरच्याचे अज्ञान हाच आपला नफा असेल, आणि म्हणून ते अज्ञान टिकवायचे असेल, तर ते लपवणेच.

भारतीय विचारात याच निष्कर्षाकडे वेगळ्या वाटेने जाता येते. पतंजलीच्या योगसूत्रांत सत्य हा यमांपैकी, म्हणजे संयमाच्या नियमांपैकी, एक आहे. त्यावरील व्यासभाष्य सत्याची कसोटी वाक्यापुरती ठेवत नाही. आपल्याला झालेला बोध दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे हे वाणीचे काम; ती वाणी फसवी, भ्रम पसरवणारी किंवा काहीच न कळवणारी असेल, तर ती सत्य ठरत नाही. शिवाय ती प्राणिमात्रांच्या हिताची असावी लागते. महाभारताच्या द्रोणपर्वातला युधिष्ठिर याच कसोटीवर उणा पडतो. अश्वत्थामा मारला गेला, असे त्याने द्रोणांना सांगितले आणि तो आपला मुलगाच, असे द्रोणांनी समजावे हाच हेतू होता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मारला गेला होता आणि हत्तीचा उल्लेख युधिष्ठिराने केलाही होता, पण ऐकू जाणार नाही अशा बेताने. महाभारत त्याला शब्दच्छलाचा फायदा देत नाही : जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ तेव्हापासून जमिनीला टेकला. जाहिरातीच्या तळाशी बारीक टाइपात छापलेल्या अटींना याहून जवळचा दाखला सापडणे कठीण.

न्यायदर्शनाने छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या वाक्छलात एकाने एका अर्थाने वापरलेला संदिग्ध शब्द दुसरा मुद्दाम भलत्या अर्थाने घेतो. विम्यात ही दोन्ही कामे एकच पक्ष करू शकतो, विकताना शब्द रुंद आणि क्लेमच्या वेळी अरुंद. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि शहरभर गाड्या पाण्यात गेल्या. मोटार विम्याच्या ज्या पॉलिसीला विक्रेते ‘सर्वसमावेशक’ आणि लोक ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, तिच्यात पुराने झालेले थेट नुकसान धरलेले असते. मात्र इंजिनात पाणी शिरलेले असताना गाडी सुरू करण्याचा प्रयत्न झाला आणि इंजिन निकामी झाले, तर ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून सामान्यतः नाकारले जाते. त्यासाठी वेगळा हप्ता भरून ‘इंजिन प्रोटेक्ट’सारखे पूरक संरक्षण घ्यावे लागते. अशी अट ठेवण्यात गैर काही नाही. सगळे समाविष्ट असल्याचे नाव देऊन ती अट आतल्या पानावर ठेवणे, हे गैर.

त्यानंतर सुमारे महिन्याभराने, 29 ऑगस्ट 2005 रोजी, अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर कतरिना चक्रीवादळ आदळले. तिथल्या नेहमीच्या गृहविम्यात वाऱ्याचे नुकसान भरून मिळते, पुराचे नाही. पुराचा विमा 1968 पासून प्रामुख्याने संघराज्य सरकारच्या वेगळ्या योजनेतून घेतला जातो. वादळाने समुद्रच घरांत लोटला. ज्यांची घरे गेली त्यांच्या दृष्टीने हे सारे वादळच होते. विमा कंपन्यांच्या दृष्टीने वारा वेगळा आणि पाणी वेगळे. मिसिसिपीतल्या पास्कागूला शहरातल्या एका दांपत्याचा दावा 2006 मध्ये निकाली निघाला. त्यांचे घर पूरप्रवण क्षेत्रात नसल्याने वेगळ्या पूरविम्याची गरज नाही, असे एजंटने सांगितल्याचे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाच्या मते त्या सल्ल्यामुळे पॉलिसीतला पूर वगळणारा खंड रद्द होत नव्हता. एक लाख डॉलरहून अधिक नुकसान सांगणाऱ्या या कुटुंबाला वाऱ्याच्या नुकसानीपोटी सुमारे 1,228 डॉलर मिळाले आणि 2007 मध्ये वरच्या न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. कराराच्या कायद्यात हा निकाल बसतो. पण व्यासभाष्याने विचारला असता तो प्रश्न, म्हणजे त्या कुटुंबाला नेमके काय समजले होते आणि ते तसे समजण्यात कोणाचा वाटा होता, त्यात दुय्यम ठरला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की खरेदीदार सज्ञान आहे, त्याने कागद वाचावा. आपद्ग्रस्तांना जाहिरातीपासून जपायचे म्हणजे त्यांना अजाण ठरवणे. आक्षेपात तथ्य आहे. पुरातून वाचलेल्या माणसाला विमा हवासा वाटतो, यात त्याचे काहीच चुकत नाही. आपत्तीनंतर विम्याच्या जाहिरातींवर सरसकट बंदी घातली तर नुकसान त्याचेच होईल. पण संमती खरी ठरायला समज आणि सवड दोन्ही लागतात, हे खुद्द करारांचा कायदाही मानतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 16 मध्ये मानसिक किंवा शारीरिक क्लेशामुळे ज्याची विचारशक्ती तात्पुरती का होईना बाधित झाली आहे, अशा माणसाशी केलेल्या कराराचा स्वतंत्र उल्लेख आहे. कलम 17 नुसत्या मौनाला कपट मानत नाही. बोलणे हे कर्तव्य असेल किंवा मौनच बोलण्यासारखे असेल, तेव्हाच मानते. इथवर डायोजिनीस आणि अँटिपेटर दोघांनाही थोडी थोडी जागा मिळाली आहे. कलम 19 चा अपवाद मात्र खटकतो : साधारण दक्षतेने सत्य कळू शकले असते, तर चुकीचे निवेदन किंवा कपटी मौन यांच्या आधारे करार रद्द करता येत नाही. छप्पर उडालेल्या माणसाची साधारण दक्षता कशी मोजायची?

विम्याला तर सामान्य व्यापाराचा नियम मुळातच पुरत नाही. 1766 मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्यासंबंधीच्या खटल्यात परम सद्भावाचे, म्हणजे महत्त्वाची माहिती न दडवण्याचे, तत्त्व मांडले, आणि ते दोन्ही पक्षांवर बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. व्यवहारात त्याचे ओझे विमाधारकावरच अधिक पडत आले. प्रस्तावपत्रात जुना आजार लिहिला नाही तर क्लेम जातो. जाहिरातीत वगळलेली जोखीम लिहिली नाही तर ते विक्रीचे कौशल्य समजले जाते. ही विषमता आता काहीशी कमी होत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलाशाची ओळ मूळ दाव्यातली दिशाभूल धुऊन काढू शकत नाही आणि ती दाव्याच्याच भाषेत असावी लागते. दावा मराठीत आणि अटी इंग्रजीत, ही पद्धत त्यात बसत नाही. कोल्हापूर, सांगली, चिपळूण अशा 2019 आणि 2021 च्या पूरग्रस्त भागांत या नियमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मग विक्रेत्याने किती सांगावे? अँटिपेटरचे मत टोकाला नेले तर शेजारच्या कंपनीचा हप्ता कमी आहे, हेही सांगावे लागेल. कोणताही व्यापार इतके ओझे पेलणार नाही. सिसेरोच्या कसोटीतून मात्र एक वाजवी सीमा निघते. जी आपत्ती दाखवून विमा विकला जातो, तीच आपत्ती पुन्हा आली तर ही पॉलिसी काय देणार नाही आणि संरक्षण कोणत्या तारखेपासून सुरू होईल, एवढे जाहिरातीतच, मुख्य दाव्याइतक्या ठळकपणे सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ते पाळले नसेल, तर अटी वाचल्या नाहीत हा दोष आपद्ग्रस्ताच्या माथी मारता येत नाही, आणि समजूत योग्य करून दिली होती हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच असला पाहिजे.