सुई थांबेपर्यंत

सकाळची वेळ निवडा. डर्ट बाईक रात्रभर हललेली नाही आणि टायरवर अजून ऊन आलेलं नाही, अशी. इंजिनाखाली लोखंडी स्टँड सरकवा, दोन्ही चाकं जमिनीवरून सुटू द्या आणि मागच्या चाकाशेजारी खाली बसा. मांडी घालून बसलात तरी चालेल. मित्र कोपऱ्यावर हॉर्न वाजवत थांबले असतील, तर हे मनन आज राहू द्या.

वॉल्व्हचं टोपण काढून खिशात ठेवा. जमिनीवर ठेवलेलं टोपण माती घेऊनच परत येतं. आता वॉल्व्हकडे नुसतं बघा. रिममधून तो सरळ बाहेर आलाय की तिरका झालाय? तिरका असेल, तर टायर रिमवरून जरासा सरकला आहे आणि त्याने आतली ट्यूबही सोबत ओढली आहे. हवा कमी असताना जोरात ब्रेक लावले की असं होतं. जाणते रायडर वॉल्व्हचा नट रिमला आवळत नाहीत, वर टोपणापाशी नेऊन ठेवतात. त्यामुळे वॉल्व्ह मुळातून फाटत नाही आणि तिरकेपणा लगेच नजरेला येतो. गेजला हात लावायच्या आधीच डोळ्यांनी एक माप घेऊन झालं.

आता अंगठा टायरवर दाबा. हवा किती असेल? बारा? पंधरा? अंगठा गप्प बसतो. रस्त्यावरच्या मोटारसायकलीत पंचवीसच्या वर हवा असते, तिथे सवयीचा अंगठा काहीतरी अंदाज देतो. इथे सगळा खेळ दहा ते पंधरा पीएसआयच्या मधल्या फटीतला. मोकळ्या मातीच्या ट्रॅकवर साधारण १२ ते १४, चिखलात आणि वाळूत त्याहून थोडी कमी, दगडगोट्यांच्या वाटेवर थोडी जास्त. ट्रायल्सवाले तर मागच्या चाकात चार-पाच पीएसआयवर खडक चढतात. त्यात डर्ट टायरच्या गाठी इतक्या टणक, की आत हवा नसली तरी अंगठ्याला त्या भक्कमच वाटतात. या फटीत अंगठ्यावर विसंबून राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. म्हणजे पाहिला आहे, पण तो गाडी ढकलत येताना.

गाडी ढकलत मीही आलो आहे, एवढं कबूल करून पुढे जाऊ. पावसाळा संपत आलेला, सह्याद्रीतली दगडी वाट, आणि भरवसा अंगठ्यावर नव्हे तर हवा भरायच्या एका यंत्राच्या आकड्यावर. तेरा भरून निघालो होतो. तासाभरात मागचं चाक एका काळ्या कातळाच्या कडेवर आपटलं, ट्यूब कातळ आणि रिम यांच्यामध्ये चिमटली आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडली. पुढचं चाक शाबूत होतं. मित्राने आपला गेज त्याला लावला. साडेनऊ.

इथे थांबा. यंत्र तेरा म्हणालं, गेज साडेनऊ म्हणाला. खरं कोण? त्या क्षणी मला मित्राचा गेज खरा वाटला, कारण पंक्चर माझ्यासमोर होतं. पण पंक्चरवरून काढलेला तो निष्कर्ष होता, मापावरून काढलेला नव्हता. दोन मापांनी दोन आकडे सांगितले, तर त्यातून एवढंच कळतं की किमान एक चुकतंय. कदाचित दोन्हीही.

हा प्रश्न तसाच मनात ठेवून गेज हातात घ्या. गोल तबकडीचा, सुईचा असेल तर तो उघडा आहे अशी कल्पना करा. आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, चपटी पितळी नळी आहे. हवेचा दाब आत शिरला की ती सरळ व्हायला बघते. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी आठवा, फुंकली की तोंडापुढे उलगडणारी. नळी तिचीच बहीण, फक्त ती केसभर उलगडते. तेवढी हालचाल एक छोटी दांडी ओढते, दांडी दातेरी चक्र फिरवते, चक्रावर सुई. युजेन बुर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये या नळीचं पेटंट घेतलं, वाफेच्या इंजिनांसाठी. कारखान्यात वाफेची वेटोळी नळी चुकून चपटी झाली, ती पुन्हा फुगवायला आत दाब दिला तर वेटोळंच उलगडू लागलं, तिथून त्याला हे सुचलं असं सांगतात. आज सुईच्या बहुतेक गेजांमध्ये त्याचीच नळी असते.

आता नळीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्हाला शंभर पीएसआय सोसायला घडवलं आहे. अंगावर आले तेरा. तुम्ही किती हलाल? जेमतेम. तेवढ्याशा हलण्यात बाराचे तेरा झाले काय आणि तेराचे साडेतेरा झाले काय, तुम्हाला फरक कळणार नाही. तीसच्या नळीला मात्र तेरा म्हणजे जवळजवळ निम्मं बळ. ती नीट हलते.

खोक्यावर छापलेल्या टक्क्याचं कोडंही इथेच सुटतं. ‘अचूकता २ टक्के’ असं वाचलं की आपण समजतो, तेराचे दोन टक्के, म्हणजे पाव पीएसआय. तसं नसतं. सुईच्या गेजांचा टक्का बहुधा पूर्ण पट्टीवर धरलेला असतो. शंभरच्या गेजचे दोन टक्के म्हणजे दोन पीएसआय, पट्टीवर कुठेही. सुई तेरावर असेल तर खरी हवा अकरापासून पंधरापर्यंत काहीही असू शकते, आणि कारखान्याने तरीही शब्द पाळलेला असतो. अकरा आणि पंधरा या दोन वेगळ्या गाड्या आहेत हो. एकीची रिम दगडाला टेकते, दुसरीचं चाक मुळांवरून टणाटण उड्या मारतं.

तीसच्या गेजचे दोन टक्के मात्र फक्त ०.६. आणखी एक बारकावा आहे. अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचं, एएसएमईचं, बी४०.१०० हे मानक पट्टीचे भाग पाडतं. त्यातल्या ‘बी’ श्रेणीच्या गेजला मधल्या अर्ध्या पट्टीत दोन टक्क्यांची सूट असते, दोन्ही टोकांच्या चतकोरांत तीनची. ‘ए’ श्रेणीला मध्ये एक, टोकांना दोन. तीसच्या पट्टीचा मधला अर्धा भाग म्हणजे साडेसात ते साडेबावीस. ट्रायल्स सोडली तर डर्ट बाईकची सगळी हवा त्यात बसते. माझं मत विचाराल तर निम्मी निवड इथेच झाली: तीसपर्यंतची पट्टी, तबकडी मोठी, अर्ध्या पीएसआयच्या रेघा चष्म्याशिवाय दिसणाऱ्या. ट्रायल्सवाल्यांनी पंधराचा गेज घ्यावा. घरातल्या कारसाठी वेगळा ठेवावा. एकच गेज कारला, सायकलला आणि डर्ट बाईकला लावायचा हट्ट म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर केशर तोलणं.

डिजिटल गेज असेल तर जरा आकड्यांकडे बघत बसा. १३.४. दशांश चिन्हानंतरचा तो चार किती ठाम दिसतो. पण पडद्यावर दशांश दाखवणं सोपं असतं, तो खरा असणं अवघड. दीडशे पीएसआयपर्यंतच्या डिजिटल गेजची चूकही बरेचदा पूर्ण पट्टीवरच मोजलेली असते, आणि एक टक्का धरला तरी ती दीड पीएसआय झाली. म्हणजे चार तर सोडाच, तेराचीही खात्री नाही. कमी पट्टीचा चांगला डिजिटल गेज उत्तम काम देतो, माझा त्याला विरोध नाही. फक्त त्याची बॅटरी नेमकी शनिवारी रात्री संपते. पेनासारखा, दांडी बाहेर सरकणारा गेज खिशात राहतो खरा, पण त्याची पट्टी बहुधा दहापासून सुरू होते. आपली हवा तिथे उंबरठ्यावरच उभी.

आता गेज वॉल्व्हवर बसवा. ऐका. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे, आणि इथे श्रवण म्हणजे ती ‘फुस्’. ती जितकी आखूड, तितकं गेजचं तोंड नीट बसलं. लांब फुसफुस झाली तर मोजता मोजताच हवा गेली. मागच्या चाकाला एका बाजूला चेन-स्प्रॉकेट, दुसऱ्या बाजूला डिस्क, मध्ये आऱ्या. सरळ तोंडाचा गेज तिथे बसता बसत नाही. म्हणून वाकड्या तोंडाचा किंवा वीतभर रबरी नळीचा घ्या. हवा सोडायचं बटण हवंच. आधी दीड-दोन पीएसआय जास्त भरायची आणि मग बटण दाबत दाबत, सुईवर नजर ठेवून खाली यायचं. आकडा धरून ठेवणारी सुई असेल तर गेज काढून उजेडात वाचता येतो.

सुई थरथरते. थांबेपर्यंत तुम्हीही थांबा.

बारा. पण हे बारा खरे का? तो जुना प्रश्न अजून सुटलेला नाही. गेज एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेत देऊन तपासून आणता येतो. पण मला याहून आवडलेली एक घरगुती रीत आहे, आणि तिला लागतो गवंड्याचा लेव्हल पाइप, तो पारदर्शक, पाणी भरलेला. सत्तर सेंटीमीटर उंच पाण्याचा दाब जवळपास एक पीएसआय. बाराला आठ मीटर पंचेचाळीस सेंटीमीटर, म्हणजे जिन्याचे तीन मजले. पाइपच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबचा वॉल्व्ह पिन काढून आवळायचा, त्यावर गेज बसवायचा, गेजजवळ थोडी हवा राहू द्यायची म्हणजे पाणी आत शिरत नाही. मग वरच्या पाण्याच्या पातळीपासून खालच्या पातळीपर्यंत टेपने उंची मोजायची. मी रविवारी दुपारी हे केलं, तेव्हा शेजारच्या काकूंना वाटलं टाकी गळतेय. माझ्या नव्या गेजने बारा आणि किंचित वर दाखवले. जुन्या पेनाने पंधरा. पाण्याला कुठल्याच कंपनीची बाजू घ्यायची नव्हती.

आता शेवटचं. गेज जे दाखवतो ते आतल्या आणि बाहेरच्या दाबातलं अंतर. बाहेर काय असतं? समुद्रकाठी १४.७ पीएसआय, पुण्याला ५६० मीटरवर सुमारे पावणेचौदा, महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर सुमारे साडेबारा. वर गेलं की बाहेरची हवा पातळ होते. १६४८ च्या सप्टेंबरात पास्कालचा मेव्हणा पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्वी द दोम डोंगर चढला आणि वर पारा उतरलेला त्याने पाहिला, तेच हे. पुण्यात बारा भरून वर महाबळेश्वरला गेलात तर आतली हवा तीच, पण गेज सव्वातेराच्या आसपास बोलेल. ताम्हिणी घाट उतरून कोकणातल्या वाळूवर गेलात तर अकरा. यात थंडी-ऊन मिसळतं: दहा अंश सेल्सिअसचा फरक पडला की पाऊण पीएसआयहून थोडं जास्त इकडचं तिकडे होतं. वरचा गारवा आणि उंची एकमेकांना कापतात, कोकणचं ऊन उताराची भरपाई करतं.

हे सगळं शंभरच्या गेजला दिसत नाही. दोन पीएसआय चुकणाऱ्या सुईला सव्वा पीएसआयचा घाट कुठून दिसणार? गेज निवडताना दुकानात मी आता स्वतःला एवढंच विचारतो: याला घाट दिसेल का?

आणि घेतलेला गेज टूलकिटमध्ये स्पॅनरांखाली टाकू नका. एकदा जोरात पडला की दातेरी चक्र एखादा दात चुकतं आणि सुई शून्यावर परतत नाही. जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवा, आणि प्रत्येक वेळी तोच वापरा. खिशातलं टोपण काढा, पुसा, लावा. पिनेत माती गेली तर नेमकी मोजलेली हवाही संध्याकाळपर्यंत राहत नाही.