घरचा अभ्यास आणि पहाटेची वेळ

घरी शिकवणाऱ्या आईबापांना विषयांची वाण नसते, वेळेची असते. शाळेचे वेळापत्रक घरात आणायचा हट्ट बहुधा फसतो, आणि त्याची गरजही नाही. एकट्या मुलाला तासाभरात पुष्कळ शिकवता येते.

पंडिता रमाबाईंना (जन्म 1858) संस्कृत शिकवले ते आई लक्ष्मीबाईंनी. वडील अनंतशास्त्री डोंगरे थकलेले, आईमागे दिवसभर घरकाम. म्हणून आई पाखरे जागी होण्याआधी लेकीला उठवी, पेंगुळलेल्या पोरीला कुशीत धरून पाठ म्हणवून घेई. वेळ ठरलेली, नेम रोजचा. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ ही पदवी दिली.

आज शेतकऱ्याच्या घरी सोयाबीनची रास चालू असताना वही उघडणे कठीणच. पण पोत्यांचे वजन, क्विंटलचा भाव, हमालीची वजावट हा हिशेब मुलाने स्वतः मांडला, तर गणिताचा तास झालाच की! भाषा आणि गणित रोज, बाकीचे विषय आलटून-पालटून, एवढे पुरते. पुढे राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसता येते.