शेंकडा चाळीस

कांहीं मापें अशीं असतात कीं, त्यांवांचून व्यवहार चालत नाहीं, आणि त्यांवरच सर्वस्वीं विसंबलें तर न्याय होत नाहीं. मनुष्याच्या व्यंगाचें शेंकडेवारीनें केलेलें माप हें अशांपैकींच एक होय. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें १९९५ सालच्या कायद्यांतील ७ प्रकारांच्या जागीं २१ प्रकार मान्य केले. परंतु राखीव जागा व इतर पुष्कळशा सवलती यांचा उंबरठा शेंकडा ४० हाच राहिला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीं असलेल्या केंद्र सरकारच्या दिव्यांग निवृत्तिवेतनास तर शेंकडा ८० लागतात. वैद्यकीय मंडळानें ३९ लिहिले कीं दार बंद. ४० लिहिले कीं उघडें. अशा अंकाविरुद्ध दाद मागणें हा हट्ट आहे, कीं तें एक कर्तव्यच आहे, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरचें खारदांडा घ्या. खार स्टेशनाकडून समुद्राच्या दिशेनें चालत गेलें म्हणजे इमारतींच्या रांगांपलीकडे कोळीवाडा लागतो. या दोन वस्त्यांतील एकेका गृहस्थाच्या उजव्या हाताचीं दोन बोटें अपघातानें ताठर झालीं आहेत, अशी कल्पना करूं. एक कचेरींतला कारकून, दुसरा होडीवरचा खलाशी. डॉक्टर दोघांच्याही नांवापुढें सारखाच अंक लिहील, आणि त्याच्या दृष्टीनें तें बरोबरच होईल. कारण बोट किती वांकतें हें त्याला मोजावयाचें असतें. परंतु कारकुनाचें काम थोडें मंदावेल इतकेंच. खलाशाला मात्र हेलकावणाऱ्या होडींत ओलें जाळें ओढावयाचें असतें. ज्याच्या मुठींत दोर टिकत नाहीं त्याला कोणता तांडेल बरोबर घेईल? सारख्याच अंकानें एकाची गैरसोय दर्शविली, दुसऱ्याची भाकर गेली तरी ती त्या अंकांत कोठेंच उमटली नाहीं.

कायद्याला ही अडचण अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलें आहे. त्यांत अंगठा गेल्यास शेंकडा ३०, दुसरा डोळा शाबूत असतां एक डोळा गेल्यास ४०, दोन्ही हात गेल्यास १००, असे कमाईच्या हानीचे आंकडे दिलेले आहेत. तथापि एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हां १९७५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याची हानि शेंकडा १०० धरली. एका हातानें सुतारकाम होत नाहीं, एवढी साधी गोष्ट त्या निर्णयाच्या मुळाशीं होती.

अंक कमी भरला म्हणजेच अन्याय होतो असेंही नाहीं. महाराष्ट्रांतील एका विद्यार्थ्याचें प्रकरण २०२४ सालीं मुंबई उच्च न्यायालयाकडून सर्वोच्च न्यायालयांत गेलें. वाणीच्या दोषामुळें त्याचें अपंगत्व शेंकडा ४४-४५ ठरलें होतें. तें ४० हून कमी असतें तर त्याला राखीव जागेवर हक्क सांगतां आला नसता; ४० हून अधिक भरलें म्हणून, त्या वेळच्या नियमांप्रमाणें, तो वैद्यकीच्या शिक्षणासच अपात्र झाला! न्यायालयानें दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडून त्याची फिरून तपासणी करविली. हा मुलगा शिकूं शकेल असा अभिप्राय आला व त्याला प्रवेश मिळाला. केवळ अंकावरून कोणास अपात्र ठरवूं नये, तो अभ्यासक्रम उमेदवाराला झेपेल कीं नाहीं हें मंडळानें स्पष्ट नोंदवावें, असें न्यायालयानें १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालपत्रांत सांगितलें.

यावर कोणी म्हणतील, तज्ज्ञांच्या निर्णयावर असे वाद होऊं लागले तर खोटें सोंग आणणारांचें फावेल. ही भीति निराधार नाहीं. खोट्या प्रमाणपत्रानें घेतलेली प्रत्येक जागा खऱ्या अपंगाच्या पदरांतूनच जाते. म्हणूनच सर्वांना एकच माप हवें, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु फेरतपासणींत सोंग उघडें पडण्याचाच संभव अधिक. तिचें भय खऱ्या माणसास कां असावें? दानाविरुद्ध कोणी अपील करीत नाहीं, कारण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. हक्काची गोष्ट निराळी. कायद्याच्या ५९ व्या कलमानें प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपिलाची तरतूद केली आहे, आणि अर्ज नाकारल्यास त्याचीं कारणें लेखी कळविलीं पाहिजेत असा नियम आहे. कारण विचारणें म्हणजे डॉक्टरांचा अपमान करणें नव्हे.

अपिलानें मोजण्यांतली चूक सुधारेल, मापच तोकडें असलें तर तें मात्र त्यानें बदलणार नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. त्या खलाशाची अडचण केवळ फेरतपासणीनें सुटेल असें नाहीं. परंतु माप कोठें तोकडें पडतें हें कायदे करणारांस कळावयाचें तें अशा लेखी तक्रारींवरूनच. मुकाट्यानें घरीं परतलेल्या माणसांची नोंद कोणत्याही दप्तरांत राहत नाहीं.

आणि मुकाट्यानें परतणारेच फार असतात. ज्यानें आयुष्यभर आपलें लंगडणें लोकांपासून लपविलें, त्याला एके दिवशीं तेंच परक्यांपुढें मांडून दाखवावें लागतें. त्या दिवशीं तो संवयीनें ताठ चालला तर त्याचाच अंक घटतो! घरीं आल्यावर आपणही म्हणतों, ‘चालतां येतें ना? मग कशाला ती खटपट?’ आपल्या सुशिक्षित घरांतून हें वाक्य जरा कमी ऐकूं यावें, आणि लेखी कारण मागणारें चार ओळींचें पत्र लिहून देण्यास कोणी तरी पुढें यावें, एवढीच आमची अपेक्षा आहे. लेखणी धरूं शकणाऱ्या हातांनीं न धरूं शकणाऱ्या हातांचें इतकें देणें खास लागतें.