खताचा खड्डा आणि विद्यापीठ

कपाशी वेचून झाली की पऱ्हाट्या उरतात. टणक, कुजता कुजत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी इंदूरच्या एका संशोधन संस्थेत त्या शेतातल्या रस्त्यांवर अंथरून ठेवत. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्या त्या भरडून काढत. मग भुगा खड्ड्यात जाई, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती, चुलीतली राख आणि पाणी. ढीग ठरावीक दिवसांनी खालीवर करायचा. तीन महिन्यांत काळंभोर खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेवढ्यापुरता ढीग जमिनीवर रचायचा.

हीच ‘इंदूर पद्धत’. होळकर दरबारानं दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी ही संस्था उभी केली. १९३१ मध्ये या पद्धतीवर पुस्तक निघालं, त्यावर दोन नावं होती : हॉवर्ड आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी यशवंत वाड. सेंद्रिय शेतीच्या जगानं पहिलं नाव डोक्यावर घेतलं. दुसरं आपण मराठी माणसांनीही फारसं जपलं नाही. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली आणि ‘हरिजन’मधून या खताची ओळख करून दिली.

हवामान बदलाशी जुळवून घेण्याची चर्चा आज महाविद्यालयांत चालते ती बहुधा सभागृहात. मागे फलक, पुढे पुष्पगुच्छ, शेवटी प्रमाणपत्रं. हॉवर्ड-वाड यांच्या कामात यापेक्षा निराळं काय होतं? बी, बैल, शेण, पाऊस हे सगळं शेतकऱ्याचंच होतं. विद्वत्ता होती ती मोजण्यात आणि परत परत करून पाहण्यात. कुजलेल्या खताचा अंश, म्हणजे ह्यूमस, असलेली माती पाणी धरून ठेवते. पाऊस एका दिवसात कोसळून मग पंधरा दिवस दडी मारू लागला, की या एका गुणावर सोयाबीन तगतं किंवा करपतं.

माळव्यात पावलोपावली पाणी, अशी ख्याती होती. पावसाळ्यात रान पडीक ठेवायचं आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू काढायचा, ही इथली जुनी रीत. सोयाबीन आलं, पडीक रान गेलं. नलकूप खोल खोल गेले. शहराचं तर विचारूच नका. १९७८ पासून नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून, विजेच्या जोरावर घाट चढून इंदुरात येतं आणि गावातल्या बावड्यांवर फरशा पडतात. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव मंदिरात अशीच एक फरशी खचली. खालच्या बावडीत ३६ माणसं गेली.

शहरात १८९१ पासूनचं होळकर सायन्स कॉलेज आहे, १९५२ पासूनचं गोविंदराम सेकसरिया अभियांत्रिकी आहे, विद्यापीठ आहे, आयआयटी आहे. कुठली बावडी कुठे बुजली, तिच्यात पाणी किती आणि कसं, कान्ह नदीला मिळणारे नाले कुठे अडले, याची नोंदवही विद्यार्थ्यांच्या चार तुकड्या दरवर्षी पुढे चालवू शकतात. महापालिका कचरा उचलण्यात देशात पहिली आली, कौतुकच आहे. पण तीस वर्षांची एकसलग नोंद ठेवणं हे निवडणुकीच्या हिशेबानं चालणाऱ्या यंत्रणेचं काम नव्हे. ते शिक्षणसंस्थेचं आहे, कारण तिथे माणसं बदलतात पण वर्ग सुटत नाही. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला दिलेल्या नगररचना अहवालात इंदूरसाठी विद्यापीठाचाही आराखडा मांडला होता, नदी-नाले आणि वस्त्यांच्या विचाराबरोबरच. प्रत्यक्ष विद्यापीठ यायला १९६४ उजाडलं.

नोंद ठेवायला जागा लागते. मातीचे प्रयोग दोन वर्षांत संपत नाहीत आणि एकदा इमारत उठली की त्या मातीची शंभर वर्षं पुसली जातात. २०२२ मध्ये हॉवर्ड-वाड यांच्या संस्थेच्याच जागेवर असलेल्या कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी आपल्या शेतजमिनीसाठी धरण्यावर बसले होते. भोवती वाढलेल्या शहरात हा मोकळा तुकडा अनेकांच्या डोळ्यांत भरतो. इंदूरच्या मराठी मंडळींना एवढंच सांगणं : या दिवाळीत राजवाड्याची रोषणाई पाहून झाली, की सवड काढून त्या शिवाराकडेही जाऊन या. मुलांना बरोबर न्या, आणि तिथे उभं राहून त्यांना वाडांचं नाव सांगा.