काकू, हेतू आणि परभाषा

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काकूला अलंकारांच्या पंक्तीत बसवण्यास नकार दिला. काकू (नात्यातली नव्हे, आवाजाचे साभिप्राय वळण) हा रुद्रटाच्या मते वक्रोक्तीचा प्रकार, तर राजशेखराच्या मते पठनाचा धर्म. ज्या ग्रंथाने काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमला, लावून दिला, त्यातील या भेदाची दखल नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्यांनी तरी घ्यावयास हवी. अभिप्राय पठनात असेल, तर ज्याला पठनाची रीतच परकी, त्याच्या अभिप्रायाचे काय?

नागपूरकर पाहुण्याला ‘बसा ना जी’ म्हणतो. आर्जव ‘ना’मध्ये, आदर ‘जी’मध्ये, सुरावर फारसा भार नाही. तोच ‘सिट डाउन’ म्हणतो तेव्हा दोन्ही निपात गळतात, आणि त्यांचे काम करणारा इंग्रजी सूर त्याच्यापाशी नसतो. उरते ती नुसती आज्ञा.

जॉन गम्पर्झ यांनी ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’मध्ये (१९८२) ब्रिटनमधील एका विमानतळाच्या उपाहारगृहाचे उदाहरण दिले आहे. तेथे वाढणाऱ्या भारतीय-पाकिस्तानी स्त्रिया ‘ग्रेव्ही’ हा शब्द उतरत्या सुरात उच्चारीत. त्यांच्या लेखी तो प्रश्न होता. घेणाऱ्यांना तो उर्मटपणा वाटे. व्याकरण निर्दोष, शब्द एकच, आणि निवाडा मात्र स्वभावाविषयी.

यावर असे म्हटले जाईल की श्रोत्याचाही इलाज नसतो, त्याचा मेंदूच तसे ऐकतो. हे अर्धेच खरे आहे. टँग, हॅमिल्टन व चँग यांच्या २०१७ मधील संशोधनात श्रवणवल्कातील काही पेशीसमूह सुराच्या चढउताराला, शब्दांपासून व बोलणाऱ्यापासून वेगळे काढून, प्रतिसाद देताना आढळले. तोही बोलणाऱ्याच्या स्वतःच्या पट्टीच्या सापेक्ष. पण त्यातून कळते ते सुराचे वळण. वळणावरून हेतू, आणि हेतूवरून शील, ही पुढची अनुमाने आहेत, आणि अनुमानाची जबाबदारी ते करणाऱ्याची असते.

आपल्या समीक्षेची विसंगती येथे नजरेत भरते. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांच्या १९४६ च्या निबंधापासून कवीचा हेतू आपण संहितेबाहेर ठेवत आलो. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्या विद्यार्थ्याचा हेतू मात्र त्याच्या एका उतरत्या सुरावरून बिनदिक्कत ठरवतो. मम्मटाने आर्थी व्यंजनेचे हेतू सांगताना काकूशेजारीच वक्ता, श्रोता, प्रसंग, देश आणि काल ठेवले आहेत. शिवाय हा अर्थ प्रतिभावंतालाच प्रतीत होतो, अशी अटही घातली आहे. ती अट ऐकणाऱ्यासाठी आहे. परीक्षेला मात्र आपण बोलणाऱ्यालाच बसवतो.